मनातली फेरीही 3 मिनिटांचीच हवी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बॉक्सिंगची राज्य स्पर्धा 3 आठवड्यांवर आली आहे, मागच्या खेपेला एका डावखुऱ्याकडून हरलास, आणि नागपुरातल्या मानकापूरच्या क्रीडा संकुलात सोबत सराव करणारी मुलं सांगतात की रोज रात्री डोळे मिटून रेफरी आपला हात वर करतोय असं बघत जा, जिंकशील. याने खरंच फरक पडतो का, आणि किती वेळ करायचं?

भाऊ, फरक पडतो. पण वर झालेला हात बघून नाही पडत. तुला हरवलेला प्रसंग, तो 4-5 सेकंदांचा तुकडा, पाय-हात-श्वासासकट आणि खऱ्या वेगाने मनात पुन्हा पुन्हा खेळलास तरच पडतो. तोही रिंगमधल्या सरावाला जोड म्हणून.

तू एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) खेळणाऱ्या कॉनर मॅकग्रेगरचं उदाहरण दिलंस. डिसेंबर 2015 मध्ये त्याने जोसे आल्डोला 13 सेकंदांत झोपवलं हे खरं. पण मार्च 2016 मध्ये त्याच मॅकग्रेगरला नेट डियाझने दुसऱ्या फेरीत गळा आवळून हार मानायला लावली. जिंकण्याचं चित्र त्याही रात्री त्याच्या डोक्यात असणारच. नुसत्या सुखद चित्राचा तोटाही असतो. हीदर कॅप्स आणि गॅब्रिएल ओटिंगन यांनी 2011 साली प्रयोगांतून दाखवलं की सगळं मनासारखं झाल्याची कल्पना रंगवली की माणसाची त्या कामासाठीची ऊर्जा उलट कमी होते. शरीराला वाटतं काम झालं, आता सैल व्हा. स्पर्धेआधी हे सैल होणं तुला परवडणार नाही.

मनातल्या सरावाचा उपयोग किती, याचा अंदाज 1994 सालच्या ड्रिस्केल, कॉपर आणि मोरन यांच्या कामातून येतो. त्यांनी आधीचे बरेच प्रयोग एकत्र तपासले. मनातल्या सरावाने कामगिरी सुधारते, प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी सुधारते, आणि मध्ये दिवस गेले की तो परिणाम ओसरत जातो. 1992 साली यू आणि कोल यांनी करंगळीच्या स्नायूवर प्रयोग केला: 4 आठवडे प्रत्यक्ष ताण देणाऱ्यांची ताकद सुमारे 30 टक्के वाढली, आणि बोट न हलवता फक्त मनात ताण देणाऱ्यांची 22 टक्के. हे आकडे ऐकून हुरळू नकोस. ती करंगळी होती. तिसऱ्या फेरीत लागणारा दम, पोटावर ठोसा झेलण्याची सवय, मांड्यांतला जोर यातलं काही पलंगावर बसून येत नाही. शिवाय असे बरेच प्रयोग गोल्फ, डार्ट, बास्केटबॉलचा फ्री थ्रो अशा खेळांवर झालेत. तिथे समोरून कोणी मारत नाही. बॉक्सिंगमध्ये अर्धी बाउट, म्हणजे लढत, समोरचा ठरवतो. म्हणून ‘व्हिज्युअलायझेशन (मनात चित्र बघणं) करणारा जिंकतो’ असं कोणी छातीठोक सांगितलं तर मान्य करू नकोस. निर्णय लवकर सुचणं, घाबरल्यावर सावरणं, ठरवलेला डाव ऐनवेळी आठवणं, यात मदत होते. तेवढीही पुष्कळ आहे.

आता तुझा डावखुरा. तुझा डावा पाय पुढे, त्याचा उजवा, म्हणजे दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात. तुझा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर पडला पाहिजे आणि फिरायचं तुझ्या डावीकडे, त्याच्या मागच्या डाव्या हातापासून लांब. बहुतेक जण सवयीने उजवीकडे सरकतात आणि थेट त्या डाव्या सरळ ठोशावर जाऊन आदळतात. म्हणून मनात बघायचा तुकडा असा:

तो उजव्या ग्लोव्हने तुझ्या डाव्या ग्लोव्हला टपटप करतोय. त्याच्या हाताकडे बघू नकोस, छातीकडे बघ. डावा खांदा पुढे यायला लागतो, मागची टाच उचलते. तुझा डावा पाय बाहेर सरकतो, बुटाचा तळवा कॅनव्हासवर घासल्याचं जाणवतं. डोकं डावीकडे, रेषेबाहेर. त्याचा ठोसा उजव्या कानाजवळून जातो. त्याच क्षणी उजवी टाच वळते, कंबर वळते, सरळ उजवा मधून जातो, श्वास नाकातून फट्कन बाहेर. मग डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) आणि डावीकडूनच बाहेर. हात परत गालाशी.

हे उभं राहून कर. मुठींना बँडेज बांधलेलं, माउथगार्ड तोंडात, स्टान्समध्ये (लढायच्या पवित्र्यात), वजन दोन्ही पायांवर. होम्स आणि कॉलिन्स यांनी 2001 मध्ये मांडलेली पेटलेप पद्धत हेच सांगते: शरीराची स्थिती, जागा, वेग, भावना जितकी खऱ्यासारखी तितका फायदा. गादीवर आडवं होऊन केलं की पाचव्या मिनिटाला झोप लागते, आणि लोकांना वाटतं आपला सराव झाला.

वेगाची परीक्षा सोपी आहे. वरचा तुकडा शॅडोमध्ये (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारत) सलग 5 वेळा कर आणि मोबाइलवर वेळ मोज. समजा 25 सेकंद लागले. आता डोळे मिटून तेच 5 वेळा मनात कर आणि पुन्हा मोज. 12 सेकंदांत संपलं तर तू पाय गाळतोयस, फक्त ठोसे बघतोयस. हीच चूक सगळ्यात जास्त होते. पूर्ण फेरी मनात खेळायची तर टायमर 3 मिनिटांचाच लाव. त्यात फिरणं, थांबणं, रेफरीचं ‘ब्रेक’, धाप लागणं हे सगळं आलं. मग 1 मिनिट कॉर्नरमधली विश्रांती: स्टुलावर बसणं, माउथगार्ड काढणं, पाण्याचा एक घोट, सरांचं एकच वाक्य.

बघायचं आपल्या डोळ्यांतून, टीव्हीवर स्वतःला बघतो तसं नाही. अपवाद एक: पाय नक्की कुठे पडतोय हे समजत नसेल तर बाहेरून बघ. त्यासाठी हरलेल्या बाउटचा व्हिडिओ कामाचा. ज्या क्षणी उजवीकडे सरकलास त्याच्या जरा आधी थांबव, डोळे मिट, आणि पुढचे 5 सेकंद बरोबर खेळ.

अडचणही मनात आणायची. पाय त्याच्या पायावर पडला, डावा सरळ नाकावर बसला, डोळ्यांत पाणी आलं. काहींना वाटतं असं बघणं अशुभ. अशुभ नाही, पण चित्र तिथेच सोडणं धोक्याचं आहे. वूलफोक यांच्या 1985 च्या गोल्फच्या प्रयोगात चेंडू थोडक्यात हुकल्याचं चित्र बघणाऱ्यांची कामगिरी खरोखर खालावली होती. म्हणून नाकावर बसला की लगेच पुढचं बघ: गार्ड घट्ट, एक पाऊल डावीकडे, जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), परत आपलं अंतर. सावरल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत.

काहींना डोळे मिटल्यावर चित्रच दिसत नाही. ही त्यांची चूक नाही, माणसामाणसांत हा फरक असतोच. त्यांनी स्पर्श आणि ताल धरावा: टाचेचा दाब, कंबरेचा पीळ, ओठांतल्या ओठांत ‘पाय-उजवा-हुक-बाहेर’. आखाड्यातल्या पोरांनाही हेच सांगेन. कुस्तीत डोळ्यांपेक्षा पकड आधी बोलते. पट काढायचा (पाय धरून पाडायचा) सराव मनात करताना समोरच्याच्या गुडघ्यामागचा घाम हाताला जाणवला पाहिजे.

प्रमाण: आठवड्यातून 4 दिवस, एका वेळी 10 ते 15 मिनिटं, शक्यतो सरांनी हातात धरलेल्या पॅडवर तोच डाव मारून झाल्या झाल्या, अंग गरम असताना. पहिल्या आठवड्यात फक्त हा तुकडा. दुसऱ्यात त्यात अडचण घाल. तिसऱ्यात रोज एक पूर्ण फेरी, आणि त्या आठवड्यात खंड नको. जो ठोसा पॅडवर नीट बसत नाही तो मनात घोकू नकोस, चूकच पक्की होईल. आधी सरांकडून दुरुस्त करून घे. आणि शक्य असेल तर क्लबमधल्या एखाद्या डावखुऱ्याबरोबर आठवड्यातून दोनदा स्पॅरिंग (सरावाची लढत). ते नसेल तर बाकी सगळं अर्धवट राहील.

हाताला दुखापत होऊन ठोसे बंद असतील तेव्हा तर हा सराव सोन्यासारखा. 2014 च्या एका प्रयोगात 4 आठवडे मनगट बांधून ठेवलेल्या लोकांपैकी ज्यांनी मनात ताण देण्याचा सराव केला त्यांची ताकद बाकीच्यांच्या जवळपास निम्मीच घटली. डोक्याला मार लागून डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर मात्र हेही बंद. आधी डॉक्टर.

आदल्या रात्री बाउट मनात खेळू नकोस. नुसत्या कल्पनेनेही नाडी वाढते, आणि रात्रीच्या गाडीतल्या बर्थवर आधीच झोप कमी असते. बाउटच्या दिवशी वजन करून, खाऊन-पिऊन झाल्यावर एकदा रिंगजवळ जा, दिवे, कॉर्नरचा रंग, पायऱ्या बघून ठेव. वॉर्म-अपनंतर तो तुकडा 3 वेळा, बस.

तू शेवटी विचारलंस की सगळ्यांसमोर डोळे मिटायला लाज वाटते, काय करू. मिटायची गरजच नाही. नजर आपल्या डाव्या बुटाच्या टोकावर ठेव आणि ते टोक त्याच्या पायाच्या बाहेर पडताना बघ. कोणाला कळणारही नाही. नाव पुकारलं की चित्र सोड आणि सरांचा आवाज ऐक.