सासूबाईंचं सैंधव आणि बाळाचं आयोडीन

लेस्टरहून एका आईचं पत्र आलंय. बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पितंय, वरचं खाणं नुकतंच सुरू झालंय. तिने बरंच काही विचारलंय, पण मी अडकले ते मधल्याच एका वाक्यापाशी: "दिवस गेल्यापासून मी गाईचं दूध सोडून ओट मिल्क घेते, मासे-अंडी आमच्यात चालत नाहीत, आणि मीठ सासूबाई पुण्याहून पाठवतात ते शुद्ध सैंधवच."

अगं, मग तुझ्या पोटात आयोडीन जातं तरी कुठून?

आपल्याकडे 2006 पासून खायचं मीठ आयोडीनयुक्तच विकावं लागतं, म्हणून आपण कधी विचारच केला नाही. इथे ब्रिटनमध्ये तसा कायदा नाही, दुकानातल्या साध्या मिठात बहुधा आयोडीन नसतं. इथल्या लोकांना ते मिळतं मुख्यतः गाईच्या दुधातून, मग मासे आणि अंड्यांतून. तू ते सगळंच बंद केलंस, आणि सैंधवात तर आयोडीन नावापुरतंच.

थायरॉइडचं संप्रेरक आयोडीनशिवाय बनत नाही आणि बाळाचा मेंदू त्यावर घडतो, आधी पोटात आणि नंतर तुझ्या दुधावर. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. अंगावर पाजणाऱ्या आईला जागतिक आरोग्य संघटना 250 सांगते. ब्रिस्टल भागातल्या मायलेकरांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्या आयांमध्ये आयोडीन कमी होतं, त्यांची मुलं आठ-नऊ वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या आणि वाचनाच्या चाचण्यांत थोडी मागे दिसली. घाबरवायला सांगत नाहीये गं. पण सासूबाईंचा मान ठेवायला बाळाचा हिस्सा कापायचा नसतो.

माझी सून पक्की शाकाहारी, तीही बदामाच्या दुधावर होती. मी खोक्यावरची बारीक अक्षरं तिला वाचून दाखवली: कॅल्शियम होतं, आयोडीन नव्हतं. काही कंपन्या आता घालतात, 'पोटॅशियम आयोडाइड' लिहिलंय का ते बघून घ्यायचं. ती पुन्हा दूध-दह्यावर आली आणि आमची नात आता वाटीभर दहीभात चाटूनपुसून खाते.

दूध पचत असेल तर रोज एक पेला दूध आणि वाटीभर दही सुरू कर. नसेलच पचत, तर 150 मायक्रोग्रॅमची पोटॅशियम आयोडाइडची गोळी मिळते. समुद्रशेवाळाच्या, केल्पच्या गोळ्या मात्र मुळीच नकोत. त्यांत आयोडीन किती निघेल याचा भरवसा नसतो आणि जास्तीचंही बाळाला बाधतं. हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळाची विचारपूस करणाऱ्या तिथल्या नर्सने, बाळासाठी सांगितलेल्या थेंबांत ए, सी, डी जीवनसत्त्वं असतात, आयोडीन नाही. बाळाच्या खिमटीत वरून मीठ घालू नकोस, वर्षापर्यंत नकोच. तुझं दूध आणि थोडं साधं दही दे. वर्षानंतर गाईचं पूर्ण साईचं दूध प्यायला चालेल. सैंधव उपवासाला ठेव. रोजच्या भाजी-आमटीत इंडियन दुकानातलं आयोडीनयुक्त मीठ घाल, पण एरवी घालतेस तेवढंच.

बाकीचं थोडक्यात. घरात मराठीच बोला, मूल बोलेल. सासूबाई सहा महिने येतायत तर येऊ देत, तुला हात मिळेल. केस बाळंतपणानंतर बहुतेकींचे गळतात. पण "सारखी गळून गेल्यासारखी वाटते" असंही लिहिलंयस, तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, सांगून थायरॉइडची रक्ततपासणी करून घे. त्यात काही निघालं, तर आयोडीनची गोळी त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.