‘धोका जास्त’ म्हणजे किती?

प्रश्न : बाराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफी आणि रक्ततपासणीत डाउन सिंड्रोमचा ‘धोका जास्त, १:१५०’ असं आलंय. घरचे म्हणतात, असलं मूल नको, लगेच मोकळी हो. काय करू?

उत्तर : आधी आकडा नीट वाचा. असा अहवाल आलेल्या १५० जणींपैकी साधारण १४९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे. तिच्यावर गर्भपात ठरवू नये. आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी ही चाचणी अधिक अचूक, पण तीही चाळणीच. तिच्यात ‘गर्भाचा’ म्हणून तपासला जाणारा डीएनए मुख्यतः वारेचा असतो, म्हणून क्वचित चुकते. पक्कं निदान हवं असेल तर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणी. दोन्हींत आपोआप गर्भपात होण्याचा थोडा धोका असतो, साधारण १ टक्क्याहून कमी. प्राथमिक निकाल काही दिवसांत, संपूर्ण गुणसूत्रतपासणीला दोनेक आठवडे.

निदान पक्कं झालं तरी डाउन सिंड्रोमला कारण असलेलं जादा एकविसावं गुणसूत्र मूल किती शिकेल, किती स्वावलंबी होईल हे सांगत नाही. जवळपास निम्म्या मुलांना हृदयदोष असतो, बरेचसे शस्त्रक्रियेने सुधारतात. म्हणून १८ ते २२ आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी मागा. जनुकीय समुपदेशकाला एकट्याने भेटा, अशी मुलं वाढवणाऱ्या पालकांशी बोला. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती बाळाचा आजार नाही, ती वेगळी मोजा. गर्भ ठेवणं किंवा न ठेवणं, निर्णय तुमचा. सासरचाही नाही, आमचाही नाही. फक्त तुमच्याकडच्या कायद्यातली गर्भपातासाठीची आठवड्यांची मर्यादा डॉक्टरांना आजच विचारा.