तुमचे प्रश्न : गोळ्या निघाल्या, मग एचआयव्हीत आता संशोधन उरलंय काय?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मुलगी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता तिच्या डोक्यात एचआयव्हीवर पीएचडी करायचं शिरलंय. घरचे म्हणतात गोळ्या तर कधीच्या निघाल्या, सरकार फुकट देतं, मग उरलंय काय त्यात? एका व्हायरसपायी सगळं आयुष्य घालवतं का कोणी?
— एक आई, सांगली

उत्तर : घालवतात हो ताई. फ्रान्स्वाज बारे-सिनूसी हे नाव मुलीला विचारून बघा, तिला माहीत असणार. ही बाई ७०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधी बिनपगारी कामाला लागली, आणि पुढे इथे माझं काही जमेल का असं विचारलं तर तिथल्याच एका वरिष्ठाने ऐकवलं की बायकांकडून सायन्समध्ये काही होत नाही, घर नि पोरं सांभाळा! (ओळखीचं वाटलं ना?) आणि काम कशावर, तर उंदरांना कॅन्सर करणाऱ्या रेट्रोव्हायरसवर. याचा उपयोग काय असं तेव्हा तिच्या घरच्यांनी विचारलं असतं तर तिलाही धड सांगता आलं नसतं.

या रेट्रोव्हायरसचं सगळं उलटं असतं. त्याचे जीन्स आरएनएचे, पेशीत शिरला की त्यावरून डीएनए बनवतो आणि तो आपल्या डीएनएत घुसवून देतो. हे करायला त्याला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम लागतं, म्हणजे ते एन्झाइम दिसलं की रेट्रोव्हायरस जवळपास आहेच समजायचं. आणि ते मोजण्यात बाईंचा हात उंदरांवरच बसलेला.

जानेवारी १९८३ला एड्सची सुरुवातीची लक्षणं असलेल्या एका पेशंटच्या लिम्फ नोडचा (अंगातल्या लसिका गाठीचा) तुकडा त्यांच्या लॅबमध्ये आला. पेशी वाढवायला ठेवल्या, दर तीन-चार दिवसांनी एन्झाइम मोजायचं. आधी काहीच नाही, मग दोन-तीन आठवड्यांत थोडं दिसायला लागलं, आणि बघता बघता परत खाली. बघतात तर पेशीच मरतायत! उंदरांच्या व्हायरसने पेशी वाढायच्या, हा तर मारतोय. मग धावपळ करून रक्तदात्याच्या ताज्या पांढऱ्या पेशी आणून त्यात घातल्या, एन्झाइम परत चढलं आणि त्याही पेशी मेल्या. यालाच पुढे एचआयव्ही नाव पडलं. २० मे १९८३ला पेपर छापून आला, २००८ला लॅबचे प्रमुख ल्यूक मॉन्टॅनियेंबरोबर नोबेल. त्याच टीममधले ज्याँ-क्लोद शेरमान, ज्यांच्या हाताखाली बाई शिकल्या, ते राहून गेले, मला ते आजही खटकतं.

आता गोळ्यांचं. १९८७ला आलेलं पहिलं औषध एझेडटी, ते याच एन्झाइमला अडवतं. पण हे एन्झाइम कॉपी करताना भरपूर चुका करतं नि त्या सुधारतही नाही, त्यामुळे व्हायरस सारखा बदलत राहतो आणि एकट्या औषधाला थोड्याच दिवसांत चकवतो. १९९६पासून तीन औषधं एकत्र द्यायला लागले तेव्हा कुठे माणसं मरणाच्या दारातून परत यायला लागली. आपल्याकडे सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४पासून. आज आपल्या सेंटरवर जी टीएलडी गोळी मिळते तिच्यातल्या तीनपैकी दोन औषधांचं टार्गेट अजून तेच एन्झाइम आहे.

मग उरलंय काय? तर गोळी व्हायरसची वाढ थांबवते, त्याला घराबाहेर काढत नाही. काही पेशींच्या डीएनएत तो गुपचूप झोपून राहतो, तिथे औषधाला करायला काही कामच नसतं, आणि गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत परत हजर. पूर्ण बरे झालेले पेशंट बोटावर मोजण्याइतके, तेही बहुतेक कॅन्सरसाठी बोन मॅरो बदललेले. लस अजून नाही. म्हणजे तुमच्या लेकीला काम पुरून उरेल, आणि त्यासाठी लांबही जायला नको, पुण्यात भोसरीला १९९२पासून याच विषयाची संस्था आहे, सगळे तिला नारी (जुनं नाव नॅशनल एड्स रिसर्च इन्स्टिट्यूट, त्यावरून) म्हणूनच ओळखतात.

एकच करा, पीएचडीच्या आधी तिला सहा महिने एखाद्या सेल कल्चर लॅबमध्ये काम करू द्या. मी केलंय. पेशींना रविवार कळत नाही, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मीडिया (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रावण) बदलायला लॅबला गेलेय आणि फराळाचा डबा इनक्युबेटरच्या खोलीबाहेर ठेवलाय. परत आल्यावरही ती हेच करायचं म्हणत असेल तर अडवू नका.