भेटीचे रविवार ठरले, पण फौजीची सुट्टी रविवार बघून येत नाही

प्रश्न : मी सैन्यात हवालदार आहे, सध्या पोस्टिंग ईशान्येत. गाव कोरेगाव तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कोर्टात आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. आठ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडे, ती सांगलीत माहेरी राहते. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी अकरा ते चार भेट, असं ठरलंय. मागच्या वेळी अठ्ठावीस दिवस सुट्टीवर होतो, पोरगी दोनदाच दिसली. जास्त वेळ मागितला की उत्तर येतं, ‘कागदावर आहे तेवढंच.’ फोनही ‘अभ्यास चाललाय’ म्हणून ठेवतात. दर महिन्याला आठ हजार पाठवतो, ते थांबवावेत का? मित्र म्हणतो, पुढच्या खेपेला गावाला आण आणि परत धाडू नको. पोरगीही म्हणते, पप्पा मला घेऊन चला. पूर्ण ताबा मिळेल का?

उत्तर : आधी मित्राचा सल्ला बाजूला ठेवा. ताबा कोर्टाच्या हुकमाने आईकडे आहे. भेटीसाठी आणलेली मुलगी ठेवून घेतलीत तर हुकूम मोडल्यासारखं होईल. अवमानाचा अर्ज येईल, आणि उद्या तुम्ही भेट वाढवून मागायला उभे राहाल तेव्हा समोरचे वकील फक्त तेवढ्याच चार दिवसांवर बोलतील. आज तुमची बाजू स्वच्छ आहे, ती तशीच राहू द्या.

पैसेही थांबवू नका. पोटगी मुलीची आहे, आई भेटू देत नाही म्हणून ती कापता येत नाही. उलटंही खरं आहे, पैसे थकले म्हणून आईला भेट अडवता येत नाही. शिवाय तुम्ही फौजेत आहात. मुलांच्या पोटगीची रक्कम पगारातून कापून घेण्याची तरतूद 1950 च्या आर्मी अॅक्टमध्येच आहे. हा विषय तुमच्या युनिटच्या कचेरीत जावा असं तुम्हालाही वाटणार नाही.

पूर्ण ताब्याबद्दल स्पष्टच सांगते, मागू नका. कोर्ट पहिला प्रश्न विचारेल, तुम्ही ईशान्येत असताना मुलीची शाळा, आजारपण, जेवण कोण बघणार? ‘माझी आई’ हे उत्तर खोटं नाही, पण जन्मापासून आईजवळ वाढलेल्या मुलीला आजीकडे हलवायला ते पुरत नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 13 प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर, आई-बापाचा हक्क त्याच्या खाली. मुलीच्या म्हणण्याला किंमत जरूर आहे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यातलं कलम 17 सांगतं की समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. वय ठरवून दिलेलं नाही. न्यायाधीश मुलांना चेंबरमध्ये बोलावून एकट्याने विचारतात. पण पाच तासांनी निघालेल्या बापाचं बोट धरून आठ वर्षांची पोर ‘घेऊन चला’ म्हणते तेव्हा ती तुमची आठवण सांगत असते, घर बदलायचं म्हणत नसते. तिला त्यावर पुढे काही विचारू नका, आणि शिकवू तर मुळीच नका. शिकवलेलं मूल कोर्टात दोन मिनिटांत ओळखू येतं.

आता मुद्द्याचं. तुमचं दुखणं हक्क कमी असल्याचं नाही, वेळापत्रक चुकल्याचं आहे. दुसरा-चौथा रविवार हा आम्हा वकिलांच्या कॉम्प्युटरमधला तयार मजकूर आहे. नावं बदलतात, रविवार तेच राहतात. साताऱ्यात गावोगावी फौजी, तरी तुमच्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी, लिहिताना ‘नवरा सुट्टीला कधी येतो’ हे कुणी विचारलं नाही. त्यात आमचा दोष आहे.

‘कागदावर आहे तेवढंच’ हे मात्र खरं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली, हुकूमनामा झाल्यानंतरही मुलांच्या ताब्याचे आणि पालनपोषणाचे आदेश कोर्ट वेळोवेळी बदलू शकतं. मुलांच्या ताब्याचा आदेश कायमचा नसतो, संमतीने झालेला असला तरी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रोझी जेकब खटल्यात सांगितलंय. आणि 2020 च्या यशिता साहू निकालात आई-वडील लांब राहत असतील तेव्हा भेटीबरोबर फोन आणि व्हिडिओ कॉलवरचा संपर्कही द्यायला हवा, असं म्हटलंय. तुमच्या वकिलांना हे दोन निकाल पुरेत.

अर्ज साताऱ्यात, ज्या कोर्टाने घटस्फोट दिला तिथेच करा. पालक व पाल्य कायद्याखाली गेलात तर मुलगी राहते ते ठिकाण लागेल, म्हणजे सांगली. तुमच्या गरजेला कलम 26 पुरेसं आहे.

मागायचं काय? सुट्टी मंजूर झाली की आठवडाभर आधी लीव्ह सर्टिफिकेटचा फोटो पाठवाल. शाळेच्या दिवसांत संध्याकाळी दोन तास सांगलीतच. शनिवार-रविवार गावी मुक्काम, पण पहिल्या सुट्टीत एकच रात्र मागा. वर्षभरात मोजके तास भेटलेल्या मुलीला एकदम आठ दिवस दडपण येतं. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तुमची रजा आली तर निम्मे दिवस. आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल, ठरलेल्या वेळी, आणि तुमच्याकडे रेंज नसेल तर तो कॉल दुसऱ्या दिवशी. तुम्ही नसताना महिन्यातून एकदा आजीची भेट. शाळेचं प्रगतिपुस्तक तुम्हालाही. सोपवायची जागा ठरवून घ्या, आणि ती पोलीस चौकी नको. सांगलीत आमराई बागेत भेटा, मुलीला खेळताही येईल.

‘मी तारखांना येऊ कसा?’ हे तुम्ही विचारलं नाही, पण खरी अडचण तीच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत फौजींसाठी आख्खा एक आदेश, म्हणजे प्रकरण आहे, क्रमांक 28. दावा चालवायला रजा मिळत नसेल तर तुम्ही कुणालाही, भावालाही, तुमच्या वतीने अधिकार देऊ शकता. तो लेखी कागद कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायचा, त्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यायची आणि कोर्टात दाखल करायचा. भाऊ वकीलही नेमू शकतो. साक्षीला तुम्हीच लागाल, पण व्हिडिओवरून साक्ष देण्याची परवानगी अर्जातच मागून ठेवा. आणि प्रकरण वर गेलंच, तर 18 ऑगस्ट 2025 पासून साताऱ्या-सांगलीचं हायकोर्टाचं काम मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतं. भावाचा तेवढा प्रवास वाचला.

खर्चाची काळजी असेल तर साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, टोल फ्री क्रमांक 15100. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यामुळे तिच्या बाजूनेही वकील असणार हे गृहीत धरा.

हे सगळं करण्याआधी मुलीच्या आईला एक पत्र लिहा. वकिलाची नोटीस नको, तुमच्या अक्षरात. वरच्या मागण्या जशाच्या तशा, पुढच्या सुट्टीची अंदाजे तारीख, आणि ‘तुला यात काय अडचण आहे ते कळव’ असं एक वाक्य. स्पीड पोस्टाने पाठवा, झेरॉक्स ठेवा. ती हो म्हणाली तर दोघांच्या सहीने नवा संमतीचा अर्ज होईल. नाही म्हणाली तर तेच पत्र अर्जाला जोडता येईल. पत्रात आठ हजारांचा उल्लेख नको.