हौदाची पार्टी

"मॅडम, पार्टीला अजून महिना आहे आणि माझ्या घशाखाली आत्तापासून घास उतरत नाहीये."

पार्टीच्या जागी बारसं, वास्तुशांत, नवऱ्याच्या साहेबांचं जेवण असं काहीही घाला, समुपदेशक म्हणून हे वाक्य मी वर्षभर ऐकते. घरी चार माणसं बोलवायची तर सगळं देखणं हवं, आपल्या हातचं हवं, आणि ऐनवेळी काही बिघडलं तर? या प्रश्नाला माझ्याकडे एकेकाळी तयार उत्तर होतं. ते किती कुचकामी आहे हे मला या बाईंनी दाखवलं, म्हणून त्यांचीच गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

बाई नाशिकच्या, चाळिशी ओलांडलेल्या. बंगल्याच्या मागच्या अंगणात नवऱ्याने हौसेने छोटासा स्विमिंग पूल बांधून घेतलेला, 18 बाय 10 फूट, चार फूट खोल. मे महिन्यात लेकीचा अठरावा वाढदिवस. बारावी संपलेली, सीईटीही आटोपलेली, त्यामुळे तिला घरीच पूल पार्टी हवी होती. पाहुणे 22. ड्रिंक्स मात्र आईच्या हातची, ही अट लेकीचीच.

बाईंनी पर्समधून दोनशेपानी वही काढली. पहिल्या पानावर रंगसंगती, पांढरा आणि मोरपंखी. दुसऱ्यावर फ्लेमिंगोचा मोठा फुगा, पाण्यावर तरंगणाऱ्या मेणबत्त्या, आंब्याच्या झाडावर लायटिंग. पुढची सात पानं ड्रिंक्सची: नऊ प्रकार, नवांनाही इंग्रजी नावं. त्यातल्या एकासाठी लागणारं निळं सिरप त्यांनी तीन दुकानांतून आणून चाखलं होतं. तिन्ही खोकल्याच्या औषधासारखी लागली, तरी यादीतून ते नाव काही खोडलं नव्हतं.

पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, नवऱ्यावर विनाकारण खेकसणं. धडधड आहे म्हटल्यावर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. सगळं मनावर ढकलून चालत नाही. थायरॉईड, बीपी, हिमोग्लोबिन, सगळं ठीक निघालं.

आणि मग मी माझं ते तयार उत्तर दिलं. "ताई, एवढा घाट कशाला? साधंच करा ना. लिंबू सरबत, वेफर्स, भेळ. मुलं खूश होतात."

त्या हसल्या, वही मिटली, आणि पुढच्या भेटीला आल्याच नाहीत.

दहा दिवसांनी पुन्हा आल्या त्या बहुधा दुसरा इलाज नव्हता म्हणून. बसता बसता म्हणाल्या, "तुम्ही साधं करा म्हणालात ना, मला ते 'तुम्हाला झेपणार नाही' असं ऐकू आलं."

मी माफी मागितली. बरोबरच होतं त्यांचं. घर सजवायची, पाहुण्यांपुढे देखणं ताट मांडायची हौस हा काही आजार नाही. ज्या घरात चैत्रगौरीपुढे कलिंगडाची कमळं कोरली जातात, पायऱ्यापायऱ्यांची आरास होते, आलेल्या बाईला अत्तर लावून पन्हं आणि वाटली डाळ हातात दिली जाते, त्या घरातल्या बाईला 'साधं करा' हा सल्ला म्हणजे अर्धा अपमानच. हौस त्रास देत नव्हती. हौसेआड काहीतरी लपवायची धडपड चालली होती, त्रास तिचा होता.

काय लपवायचं होतं? त्यासाठी आम्ही एक जुनी, साधी पद्धत वापरली. भीती सांगायची आणि प्रत्येक उत्तराला मी एवढंच विचारायचं, "बरं, मग काय होईल?"

"ड्रिंक्स गावठी दिसतील."
मग?
"मुलं आपापसात हसतील. लेकीच्या वर्गातल्या एकीची पार्टी लोणावळ्याच्या व्हिलात झालीये मॅडम, फोटो बघितलेत मी."
मग?
"लेकीला कळेल."
काय कळेल?

बराच वेळ गेला. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या निफाडकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. गावी आईला फोन करून "नातीची पूल पार्टी आहे" म्हणाल्या, तर आईने विचारलं, "पुलावर? कुठल्या पुलावर गं?" यांनी समजावून सांगितलं. त्यावर म्हातारी म्हणाली, "अगंबाई, मग हौदाची पार्टी म्हण की!" फोन स्पीकरवर होता आणि लेक शेजारीच बसलेली. ती खदाखदा हसली. बाईंना त्या रात्री झोप लागली नाही.

"तिला कळेल की तिची आई हौदातली आहे," त्या म्हणाल्या आणि रडल्या.

लहानपणी मोटर सुरू झाली की द्राक्षबागेशेजारच्या हौदात सगळी भावंडं उतरायची. कैऱ्या मीठ-तिखट लावून कठड्यावर ठेवलेल्या असायच्या. हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी मध्ये बोललेच नाही. त्यांची पहिली पूल पार्टी निफाडला झाली होती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण बोलले नाही. असली चटपटीत वाक्यं समुपदेशकाला बरी वाटतात, समोरच्याला त्यांचा उपयोग नसतो.

त्याऐवजी घरचा अभ्यास दिला: लेकीला विचारा, पार्टीत तिला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. सूचना करायच्या नाहीत, नुसतं विचारायचं.

लेक म्हणाली, "आई, तू वास्तुशांतीसारखी करशील याची."

वास्तुशांतीला या दिवसभर स्वयंपाकघरात. बाहेर आल्या की प्रत्येकाला "कसं झालंय?", "तिखट नाही ना झालं?", "काही कमी तर नाही ना?" पाहुण्याने मान डोलावली तरी समाधान नाही. रात्री सगळे गेल्यावर रागाने भांडी आदळली. लेकीच्या लक्षात त्या दिवसाचा मेनू नव्हता, भांड्यांचा आवाज होता.

भिणाऱ्या माणसाच्या या छोट्या सवयी, पुनःपुन्हा विचारणं, नऊ पर्याय हाताशी ठेवणं, आत दडून बसणं, या भीतीला खतपाणी घालतात. सगळं नीट पार पडलं तरी मन म्हणतं, मी एवढी सावध होते म्हणूनच निभावलं. पुढच्या वेळी आणखी सावध. वहीची पानं वाढत जातात ती अशी.

मी त्यांना टी-शर्टचा प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा फोटो असलेला टी-शर्ट घालायला लावायचा (तिथल्या पोरांना तो घालायला लाज वाटे) आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवायचं. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं विचारल्यावर घालणाऱ्यांचा अंदाज जवळपास निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात पाव जणांच्याच लक्षात आलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे 22 मधले पाच-सहा तरी बघणारच." हिशेबाला पक्क्या. मी म्हटलं, हो, बघणार. बघू देत.

मग वहीचा नंबर आला. सजावट सगळी राहिली, फ्लेमिंगोसकट. फक्त आंब्यावरच्या माळेची वायर पुलाच्या काठाने एक्स्टेन्शन बोर्डपर्यंत जाणार होती, ती मी हट्टाने काढायला लावली. ओल्या अंगाची मुलं, पाणी आणि वीज. इथे मी समुपदेशक नसते, कुणाची तरी आई असते. बॅटरीवरच्या माळा आल्या. काचेचे ग्लासही बाद, कारण काच पाण्यात फुटली तर दिसत नाही. त्यांनी माळ्यावरचे जुने पितळी पेले काढून चिंचेने घासले आणि आंबट पेयांसाठी आतून कल्हई करून घेतली. ते त्या फोटोतल्या व्हिलात नव्हते.

ड्रिंक्स नवावरून तीनवर आली. ती त्यांनीच निवडली. मी एवढंच विचारलं होतं, "डोळे मिटून तुम्हाला काय जमतं?"

पहिलं पन्हं. कैऱ्या कुकरमध्ये उकडून गर, गराच्या दुप्पट गूळ, वेलची, केशर, चिमूटभर मीठ. हा अर्क दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवता येतो आणि किलोभर कैरीत 25-30 पेले सहज होतात. त्यांची स्वतःची युक्ती मला फार आवडली: थोडं पन्हं बर्फाच्या साच्यात गोठवायचं, म्हणजे बर्फ वितळला तरी पेला पाणचट होत नाही. दुसरं कोकम, आगळ नव्हे, गोड अमृत कोकम, त्यात सोडा, जिरेपूड आणि काठाला सैंधव. तिसरं मठ्ठा, आलं-कोथिंबिरीचा, कारण पाण्यातून बाहेर आलेल्या पोरांना गोडापेक्षा खारट हवं असतं. सोलकढी त्यांना हवी होती, पण मेच्या दुपारी नारळाचं दूध बाहेर टिकत नाही, म्हणून ती स्वतःहून खोडली. बाहेरून बर्फाची लादी आणायचा नवऱ्याचा बेतही हाणून पाडला. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग द्यायचा नियम आहे; त्यामुळे निळी लादी फार तर बाटल्यांच्या भोवती, पेल्यात नाही.

मध्येच वेगळंच एक निघालं. नवऱ्याचे मित्र म्हणत होते, "अठरा पूर्ण झाली ना पोरगी? मोठ्यांच्या टेबलावर थोडं असू दे, मुलांनी एकेक बिअर घेतली तर काय बिघडतं." बाईंना नको होतं, पण 'मागासलेले' म्हणतील म्हणून त्या गप्प होत्या. मी सहसा लोकांच्या घरात कोणी काय प्यावं यात पडत नाही. इथे पडले. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 लागतं, कडक दारूसाठी 25. अठराव्या वाढदिवसाला आलेल्या मुलांना कायद्यानेच ती देता येत नाही. आणि दारू पोटात असताना पाण्यात उतरणं हे कुठल्याही वयात वाईट. मोठ्यांनीही त्या दिवशी प्यायची नाही, कारण पाण्यावर नजर त्यांनीच ठेवायची होती. बुडणारं माणूस हात हलवून ओरडतं, हा समज खोटा आहे. बहुतेकदा ते आवाज न करता खाली जातं, चार फुटांतसुद्धा. 15-15 मिनिटांच्या पाळ्या ठरल्या. ज्याची पाळी त्याने मोबाइल खिशात ठेवायचा आणि फक्त पाण्याकडे बघायचं. नवऱ्याला हे सांगायला बाईंनी माझ्यासमोर दोनदा तालीम केली. प्रत्यक्षात तो "बरं" म्हणाला, एवढंच.

शेवटच्या भेटीत वहीच्या नव्या पानावर त्यांनी अंदाज लिहिले. "ड्रिंक्सला कोणीतरी नावं ठेवेल: 80 टक्के. लेकीला लाज वाटेल: 70 टक्के." आणि एक अट: पार्टीभर "कसं झालंय?" हा प्रश्न कुणालाही विचारायचा नाही.

पार्टीनंतर चार दिवसांनी आल्या. मी विचारायच्या आत वही उघडली.

नावं एकाने ठेवली. मठ्ठा बघून म्हणाला, "आँटी, हे तर लग्नातलं ताक!" आणि चार पेले प्यायला. कोकम सांडलं, तेही पांढऱ्या टॉवेलांच्या थप्पीवर. सहा टॉवेल कायमचे जांभळट-लाल झाले. पूर्वी यावर त्या आठवडाभर जळफळल्या असत्या. यावेळी रात्री झोपताना आठवण आली तेव्हा थोडं लागलं, म्हणाल्या. पन्हं साडेपाचलाच संपलं आणि त्या पंधरा मिनिटं आत जाऊन बसल्या. जुनी सवय. लेक बोलवायला आली तेव्हा बाहेर आल्या.

आणि लेकीने केक कापायच्या आधी सगळ्यांना सांगितलं, "माझी आजी याला हौदाची पार्टी म्हणते." पोरांनी ते नाव असं उचललं की दुसऱ्या दिवशी सगळे फोटो त्याच नावाने फिरत होते.

"तेव्हा काय वाटलं?"

"आधी कानशिलं तापली. मग बघितलं तर ती माझ्याकडे बघून हसत होती. माझ्यावर नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "पाण्यात नाही उतरले हो. कपडे बदलायचा धीर नाही झाला. पाय सोडून बसले."

झोप अजून पुरती सुधारलेली नाही. दिवाळीला सासरची मंडळी येणार आहेत आणि त्याची धाकधूक सुरू झालीच आहे, म्हणून आमच्या भेटी चालू राहतील. पाहुण्यांपुरती धाकधूक एकवेळ समजू शकते, पण ती महिनोन् महिने, रोज, कुठल्याही कारणावरून असेल तर तो वेगळा विषय असतो आणि त्यांच्या बाबतीत तो आहे की नाही, हे आम्ही अजून बघतो आहोत.

निघताना त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. माझ्यासाठी राखून ठेवलेल्या अर्काचं पन्हं. मी एक घोट घेतला. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, ओठ हललेही, आणि मग त्यांनी दातांनी खालचा ओठ घट्ट धरला.

मी मुद्दाम दुसरा घोट घेतला. वेलची जरा जास्त झाली होती. तसं सांगितलं.

"हो का," त्या म्हणाल्या, आणि थर्मासचं झाकण शांतपणे लावलं.