अमेरिकेतल्या ख्रिश्चन लिबरल आर्ट्स कॉलेजात शिक्षण कमी आणि धर्म जास्त असतो का?

तुमची भाची अर्ज करतेय आणि ‘ख्रिश्चन कॉलेज’ हे नाव ऐकून घरचे बिचकलेत, असं तुम्ही लिहिलंय. अशी, म्हणजे सगळ्या शाखांचे विषय थोडे थोडे शिकवणारी ख्रिस्ती कॉलेजं अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि ती सगळी एका माळेचे मणी नाहीत. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात प्राध्यापकांना श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही करावी लागते. उलट काही ठिकाणी ख्रिस्ती वारसा आवारातल्या जुन्या प्रार्थनामंदिरापुरताच उरलाय. त्यामुळे सरसकट उत्तर देण्यात अर्थ नाही. मी केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला राहतो. इथून दक्षिणेला गाडीने पाऊण तासावर बेरिया नावाचं छोटं गाव आहे आणि तिथं त्याच नावाचं कॉलेज. त्याच्याबद्दल मी खात्रीने सांगू शकतो.

जॉन फी हा बेरियाचा संस्थापक. घरी गुलाम बाळगणाऱ्या बापाचा हा मुलगा धर्मशिक्षण घेता घेता गुलामगिरीचा कट्टर विरोधक झाला, आणि त्यापायी वडिलांनी त्याला वारसाहक्कातून काढून टाकलं. १८५५ मध्ये त्याने इथं एका खोलीची शाळा काढली. केंटकी तेव्हा गुलामगिरीचं राज्य होतं, हे लक्षात घ्या. देवाने सगळी माणसं एकाच रक्ताची घडवली, हे बायबलमधलं वचन आजही कॉलेजचं बोधवाक्य आहे. १८५९ च्या नियमावलीत तर स्पष्ट लिहिलंय की हे कॉलेज ख्रिस्ती विचारांचं असेल आणि म्हणूनच पंथाभिमान, गुलामगिरी, जातिभेद आणि अशा प्रत्येक अन्याय्य प्रथेच्या विरोधात असेल. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या ‘म्हणूनच’मध्ये आहे. (जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांच्यातलाच हा एक.)

१८५९ च्याच डिसेंबरात साठेक हत्यारबंद माणसं घोड्यांवरून गावात आली आणि फीच्या सहकाऱ्यांना दहा दिवसांत राज्य सोडायला सांगून गेली. गुलामगिरीवरून पेटलेलं अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर मंडळी परतली. १८६६ मध्ये पहिली कृष्णवर्णीय मुलं वर्गात बसली, तेव्हा बरीच गोरी मुलं शाळा सोडून गेली. तरी शाळेने माघार घेतली नाही. १८६६-६७ च्या पटावर १८७ विद्यार्थी होते: ९६ कृष्णवर्णीय, ९१ गोरे. मुलगे आणि मुली एकत्र. दक्षिणेत असं दुसरं उदाहरण तेव्हा शोधून सापडलं नसतं.

पुढचा भाग कॉलेजच्या माहितीपत्रकात थोडक्यात उरकतात, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो. १८९२ मध्ये विल्यम फ्रॉस्ट अध्यक्ष झाले. त्यांनी अॅपलेशियन डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्या मुलांकडे मोर्चा वळवला. काम मोलाचं होतं, पण त्यात कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण घटत गेलं. १९०४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ‘डे लॉ’ नावाचा कायदा केला: गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकवाल तर हजार डॉलर दंड, आणि वेगळी शाखा काढायची तर ती किमान २५ मैल लांब. राज्यात असं एकत्र शिकवणारं कॉलेज एकच होतं, तेव्हा नेम कुणावर होता ते उघड आहे. बेरिया सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि १९०८ मध्ये हरलं. न्यायमूर्ती हार्लन स्वतः केंटकीचे. त्यांनी निकालाविरुद्ध कडक शब्दांत आपलं वेगळं मत लिहिलं, पण बहुमत राज्याच्या बाजूने गेलं. कॉलेजने आपल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची दुसऱ्या कॉलेजांत सोय करून दिली आणि त्यांच्यासाठी लुईव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट उभारायला पैसा जमवला. ती संस्था १९१२ मध्ये सुरू झाली. बेरियाचं दार मात्र १९५० मध्ये कायदा बदलेपर्यंत बंदच राहिलं. पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासाचा पाया घालणारे कार्टर वुडसन बेरियाचे १९०३ चे पदवीधर, म्हणजे कायद्याच्या आदल्याच वर्षीचे. वर्षभर उशीर झाला असता तर त्यांनाही बाहेर पडावं लागलं असतं, हे मनात आलं की आजही राग येतो.

आता पैशांचं. बेरिया १८९२ पासून शिक्षण शुल्क घेत नाही. बेताच्या परिस्थितीतल्या मुलांनाच प्रवेश मिळतो आणि प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. आपल्याला ‘कमवा आणि शिका’ चांगलं माहीत आहे, पण इथं त्यातून कुणालाच सूट नाही. खर्च भागतो तो देणग्यांच्या गंगाजळीतून. कुणी मृत्युपत्राने काही अट न घालता पैसे ठेवले तर ते खर्च न करता मुद्दलात टाकायचे, असं विश्वस्तांनी १९२० मध्ये ठरवलं. तो निधी आता अब्ज डॉलरच्या वर गेलाय. एवढी शिस्त शंभर वर्षं पाळणं सोपं नाही.

कामं लुटुपुटुची नसतात. गावातलं बून टॅव्हर्न हे १९०९ चं हॉटेल कॉलेजचंच आहे. तिथं मक्याच्या पिठाचा मऊ स्पूनब्रेड वाढणारी मुलगी सकाळी रसायनशास्त्राच्या तासाला बसलेली असू शकते. कॉलेजच्या कार्यशाळेत मुलं झाडू बांधतात. त्याला लागणारं ब्रूमकॉर्न ज्वारीच्याच कुळातलं, फक्त कणसाच्या जागी लांब ताठ काड्यांचा झुबका. काठीभोवती काड्या लावत जायचं आणि दोरी इतकी ताणून गुंडाळायची की एकही काडी हलता कामा नये. माझ्या घरचा झाडू तिथलाच आहे, अजून काडी गळलेली नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर अकरावीलाच आर्ट्स की सायन्स असा फाटा फोडण्याची पद्धत या कॉलेजांत नाही. जीवशास्त्र घेणाऱ्यालाही इतिहास, साहित्य, धर्म, कला यांचं काही ना काही करावं लागतं. बेरिया कुठल्याच एका पंथाचं नाही, आणि प्रवेशासाठी धर्माची अट नाही. हिंदू, मुस्लिम, कसलाच धर्म न मानणारी, अशी सगळी मुलं तिथं शिकतात.

भाचीने प्रत्येक कॉलेजला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: चॅपलची, म्हणजे प्रार्थनेची हजेरी सक्तीची आहे का, आणि विद्यार्थ्यांना कुठल्या आचारसंहितेवर सही करावी लागते. बेरियाला अर्ज करायचा असेल तर परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मोजक्याच असतात आणि चुरस फार, तेव्हा आणखी चार ठिकाणी अर्ज करून ठेवावेत. घरच्या उत्पन्नाची कागदपत्रं आतापासूनच गोळा करायला लागा, त्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.