तीन वर्षांचा पोरगा टूथपेस्ट गिळतो आणि घरी बोअरचं पाणी आहे. दातांवर पांढरे डाग दिसतात, ते फ्लोराइडचे असतील अशी भीती वाटते. डॉक्टरांनी फ्लोराइडचं व्हार्निश (दातांवर लावायचा लेप) सांगितलंय. फ्लोराइडची पेस्ट बंद करू का?

ताई, पेस्ट बंद करू नका. आधी बोअरचं पाणी तपासून घ्या. फ्लोराइडने दातांवर डाग पडतात ही तुमची धास्ती खोटी नाही, पण हिशेब मांडला की खरी शंका पाण्याचीच येते.

पेस्टवर '१००० पीपीएम' लिहिलेलं असतं, म्हणजे एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण पाव ग्रॅम पेस्ट पुरते. दोन्ही वेळची सगळीच्या सगळी गिळली तरी पोटात अर्धा मिलिग्रॅम जातो. उलट बोअरच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम असेल, तर एका लिटरमधूनच २ मिलिग्रॅम गेला. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर चढतो तेव्हा पोरं तेवढ्यावर थांबतात थोडीच!

तुमचा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि त्याला अजून थुंकता येत नाही, म्हणून सध्या तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट लावा. ब्रशवर पेस्ट तुम्हीच घ्या, त्याच्या हाती ट्यूब देऊ नका. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, तिकडे बघू नका. घासताना मान थोडी खाली झुकवा, म्हणजे फेस घशाकडे न जाता बाहेर येतो. रात्री घासल्यावर दूध-बिस्किट काही नको. दुधाचे दात किडतात ते बहुतेक इथेच.

पाण्याचा नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या, काचेच्या नको. मोटर पाच-दहा मिनिटं चालू द्या, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, मग लिटरभर भरा. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत 'फ्लोराइड' असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर फक्त जंतूंची तपासणी होऊन येते. भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्यावर आकडा आला, तर पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी घ्या किंवा आरओ बसवा. डाळ-भातही त्याच पाण्यात शिजतो, हे बऱ्याच घरांत विसरतात. पाणी उकळू नका: वाफ उडते, फ्लोराइड मागे राहून उलट दाट होतं. कँडलच्या फिल्टरनेही ते जात नाही.

आत्ता दिसणारे पांढरे डाग हिरडीलगत खडूसारखे असतील, तर ती बहुधा किडीची सुरुवात आहे. फ्लोराइडचे डाग सहसा कायमच्या दातांवर, दोन्ही बाजूंना सारखे दिसतात. पुढचे कायमचे दात आत्ताच हिरडीत घडत आहेत, म्हणून तपासणी लांबवू नका.

डॉक्टरांनी सांगितलेलं व्हार्निश जरूर लावून घ्या. ते अगदी थेंबभर लागतं आणि दाताला चिकटून राहतं. त्या दिवशी गरम आणि कडक खाणं टाळा, ब्रश दुसऱ्या दिवशी.

मात्र गोड वासापायी पोराने अर्धी-अधिक ट्यूब खाल्ली, तर दूध पाजा, उलटी काढू नका, ट्यूब सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.